सिंहराजाला निघण्याआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

कोलंबोतलं काम आटोपलं की रविवारी सिंहराजाच्या वर्षावनात जाणार म्हणालास. हे वाच आणि मग पिशवी भर.

पहिली गोष्ट, रविवारी पहाटे कोलंबोहून निघू नकोस. रत्नपुरा, कलवाना, वेद्दगला करत रानाच्या वेशीवरच्या कुडावाला पोचेपर्यंत सकाळची पाखरं पांगलेली असतात. शनिवारी रात्रीच कुडावात मुक्काम कर. तिकीट वनखात्याच्या कचेरीत मिळतं. गाईडशिवाय आत सोडत नाहीत. त्याला निघण्याआधीच सांग, पूर्ण दिवस हवा आणि शिखर गाठायचं नाही. मौलवेलाचं टोक जेमतेम ७६० मीटर, पण चढताना डोळे पायाखालीच राहतात. त्यापेक्षा संशोधन केंद्राकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यानं रमतगमत चाल. प्लायवूडसाठी इथे यंत्रानं झाडं तोडत, ती तोड १९७७ मध्ये थांबली. हा रस्ता त्या वेळचा. दाट रानात वर पाहिलं तर नुसतं पानांचं छप्पर. या रस्त्यावर मात्र फट आहे, म्हणून झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसतं. कोवळी पालवी तांबडी दिसली तर तो बहुधा आपला नागचाफा. तिथे त्याला ‘ना’ म्हणतात.

पाखरांचं तंत्र वेगळं आहे. तासभर एक पीस हलणार नाही आणि मग एकदम झाडं भरून जातील. तिथे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र थवा करून चरतात. आपल्या सातभाईंसारखे केशरी चोचीचे पक्षी कलकलाट करत मधे असतात आणि भृंगराजाचा चुलतभाऊ शोभणारा तुरेवाला कोतवाल पहारा देतो. त्यामुळे पाखरामागे धावू नये. कलकलाट ऐकू आला की थवा कुठे सरकतोय ते गाईडला विचार आणि पुढे जाऊन उभा राहा. त्यातच कधी टकाचोराच्या कुळातला निळा, लाल चोचीचा ‘कैहिबेल्ला’ दिसेल. तो फक्त श्रीलंकेतच सापडतो. गाईड मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायला लागला तर नको म्हण. पिलं सोडून पक्षी भांडायला येतात. दुर्बीण ८ बाय ४२ ची ने. १० बाय ४२ ची त्या अंधारात मंद दिसते.

आता जळवा. साध्या मोज्यांच्या विणीतून त्या आरपार जातात. घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे कुडावातच विचार. पँटचे पाय आत खोचायचे, वर नाडी आवळायची, मग बूट. पालापाचोळ्यात उभा राहू नकोस. थांबायचं तर खडकावर किंवा उघड्या रस्त्यावर. चिकटलीच तर मीठ, पेटती काडी, तंबाखू काही नको. त्यानं ती पोटातलं जखमेत ओकते. निमुळत्या टोकाचं तोंड ओळख, नख सरकवून ते सोडव, मग मागची चकती. रक्त तासन्‌तास झिरपतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. दाबून पट्टी बांध, पुरे.

जळवांपेक्षा मला हातांची काळजी आहे. वेल, कठडा, पडलेलं खोड, न बघता काहीही धरायचं नाही. हिरवा चापडा हा विषारी साप हाताच्या उंचीवर बसतो. खाली पाचोळ्यात वाळक्या पानासारखा, फूट-दीड फुटाचा, नाक वर वळलेला चापडा असतो. तो चावला तर मूत्रपिंडं जाऊ शकतात. आणि आपल्याकडचं विषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनतं. ते याच्यावर चालत नाही. चावलाच तर पाय हलवू न देता थेट रुग्णालय, कापणं-चोखणं नाही.

जीन्स नेऊ नकोस. भिजली की जड होते आणि मांड्या सोलतात. रेनकोटही त्या दमटपणात आतून भिजवतो. रस्त्यावर साधी छत्री बरी. घाम वाळत नाही म्हणून अंग थंड होत नाही, आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन लिटर पाणी, क्षारांची दोन पाकिटं. कॅमेरा एसीच्या खोलीतून काढून लगेच उघडलास तर काचेवर धुकं धरतं. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास बंद पिशवीतच बाहेर ठेव.

दुपारी ढग भरले की एक वाजताच परत फिर. वर पाऊस पडला की ओढा इथे कोरडं असतानाही चढतो. गाईड ‘थांबू’ म्हणाला तर थांबायचं, त्याच्याशी हुज्जत नको.

मुक्कामावर आल्यावर बूट काढून आतले तळवे बाहेर काढ आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंब. दर दोन तासांनी बदल. मोजे मात्र खोलीत न्यायच्या आधी बाहेरच उलटे करून झटक.

तुझी,
आई