ओली रास झाकू नका, मोडा

महोदय,
काढणीत पाऊस आला की ओल्या धान्याची रास करून वर ताडपत्री घट्ट ओढली जाते. नुकसान तिथूनच सुरू होते. दाण्याचा श्वास चालूच असतो. २० टक्के ओलाव्याची रास आतून तापते, बुरशी धरते. कोपरापर्यंत हात घालून पाहा. गरम लागले तर रास लगेच मोडा, तीन-चार सेंटिमीटरचा थर पसरा, अर्ध्या-अर्ध्या तासाने उलथा. ड्रायर असेल तर बियाण्याला ४३ अंशांपुढची हवा नको, उगवण जाते. साठवण १३ टक्के ओलाव्यावर. तिथवर येताना क्विंटलमागे आठेक किलो घटतात. ते पाणीच, मापाड्यावर उगाच संशय नको! वाळलेले भात मात्र पुन्हा भिजू देऊ नये. दाणा तडकतो, गिरणीत कणीच जास्त निघते.

– एक धान्य उत्पादक