शर्यतीच्या तोंडावर नवे बूट नकोत

संपादक महोदय,

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी बूट घ्यायचे तर डिसेंबरातच घ्यावेत. 40-50 किलोमीटर धावून ते पायात रुळायला हवेत. खरेदीला संध्याकाळी जावे, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. धावतानाचेच मोजे घालून दोन्ही बूट चढवावेत, नाड्या बांधून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नसली की उतारावर बोटे आपटतात, नखे काळीनिळी पडतात. टाच मात्र निसटता कामा नये. ‘वापरून सैल होतील’ हे दुकानदाराचे पालुपद कोल्हापुरी चपलेला ठीक. जाळीच्या बुटाला नाही. आणि 500 ते 800 किलोमीटरनंतर तळ शाबूत दिसला, तरी आतला फोम बसलेला असतो.

– एक वाचक, ठाणे