रिकामे वर्ग ॲपवर दिसू द्या

परीक्षा जवळ आली की पुण्यातल्या महाविद्यालयांच्या अभ्यासिकांत सकाळीच बाकांवर वह्या, पाण्याच्या बाटल्या ठेवून जागा अडवलेल्या असतात. उशिरा आलेली मुले मजले पालथे घालून शेवटी कट्ट्यावर बसतात, नाहीतर सदाशिव पेठेत पैसे मोजून खासगी अभ्यासिका गाठतात. त्याच वेळी तास संपलेले वर्ग कुलूपबंद! वेळापत्रक महाविद्यालयाकडे असतेच. त्यावरून कोणता वर्ग कधी रिकामा, तिथे चार्जिंगची सोय आहे का, हे मोबाइल ॲपवर सहज दाखवता येईल. बाकांवर क्यूआर कोड लावावेत; बसताना स्कॅन केलेला कोड तासाभरात पुन्हा स्कॅन झाला नाही, तर जागा मोकळी धरावी. संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला हाच प्रकल्प द्यावा. मात्र वर्ग उघडे ठेवण्याचा आदेश प्राचार्यांनीच काढायला हवा.

– एक विद्यार्थिनी, पुणे