अमृता शेरगिलचं ते ताहितियन रूप

संपादक साहेब,

चित्रकार अमृता शेरगिल म्हटलं की आपल्याकडे लगेच 'आपली की त्यांची' सुरू होतं, वडील शीख, आई हंगेरियन, जन्म १९१३ चा बुडापेस्टमधला, मग बसा टक्के मोजत! पण १९३४ मधलं तिचं ताहितियन, म्हणजे पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावरच्या बाईच्या, रूपातलं सेल्फ-पोर्ट्रेट जरा नीट बघा. उघडं अंग, हात पुढे बांधलेले, केस मागे घट्ट ओढलेले आणि पाठीमागे कुणा पुरुषाची सावली. ताहितीतल्या बायका रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकार पॉल गोगँची चित्रं तिला आवडायची, म्हणजे त्याच्या नजरेतली 'परकी बाई' हिने स्वतःच्याच अंगावर चढवली आणि चेहरा मात्र असा निर्विकार की बघणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं (मला तरी झालं). दरवेळी तिची खेड्यातल्या बायकांचीच चित्रं छापता, एकदा हे मोठं छापा की राव.

– एक वाचक