ओळंबा तेवढा राहू द्या

मेलबर्न
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी देवापुढे दिवा लावला, तुळशीचं पान मिळालं नाही म्हणून नुसतं फूल वाहिलं, आणि आता साबुदाणा भिजतोय तोवर लिहायला बसलेय. आमचं बाकी सगळं नेहमीसारखं आहे, ते फोनवर होतंच. पण फोनवर बाबा ‘बरं, बरं’ म्हणून लगेच आईकडे देतात आणि माझं निम्मं बोलणं राहून जातं. त्यातून मागच्या रविवारी मी पाठवलेला फोटो बघून तुम्ही दोघंही गप्प झालात. मी पाणी आणायला उठले तरी ती शांतता कानात होती. म्हणून हे पत्र.

आधी आईचं. आई, मी मांसाला हात लावलेला नाही. फोटोत माझ्यासमोर तव्यावर दिसतोय तो कांदा आहे. माझा कोपरा वेगळा होता, उलथनं वेगळं होतं आणि हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. कुणी भुवई उंचावली नाही. चिनूने पाव, कांदा आणि टोमॅटो सॉस एवढंच खाल्लं. घरातले नियम घरातच राहिलेत, काळजी करू नकोस. आणि चातुर्मास लागायच्या आत होतं हेही लक्षात घे. तुमची कांदेनवमी परवा शुक्रवारी झाली, माझी सहा दिवस आधीच झाली एवढंच.

आता ते काय होतं ते सांगते, कारण नीट सांगितल्याशिवाय ते कळणारच नाही. मलाही पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं.

इथे बनिंग्ज नावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. गावोगावी आहे, हिरव्या रंगाचं, आपल्या बाजार समितीच्या शेडपेक्षा मोठं. शनिवार-रविवारी त्याच्या दाराशी एक तंबू असतो, तंबूत गॅसवरचा मोठा सपाट तवा आणि त्यावर सॉसेज, म्हणजे मांसाच्या खिम्याच्या लांबट नळ्या. लोक खिळे, रंग, लाकूड घ्यायला येतात आणि आत जाता-येता ते खातात. ताटली नाही, वाटी नाही. कागदी रुमालावर पावाची एकच स्लाइस, ती तिरकी धरायची, त्यात कांदा, कांद्यावर सॉसेज, वरून सॉस. कांदा खालीच. २०१८ साली दुकानाने तसं ठरवून दिलं, कारण वर घातलेला कांदा घसरून जमिनीवर पडतो आणि त्यावरून माणसं घसरतात. या एका गोष्टीवर देशभर वाद झाला, पंतप्रधानांनासुद्धा विचारलं गेलं. मला आधी हे विचित्र वाटायचं. आता वाटतं, ज्यावर सगळ्यांचा हक्क असतो त्यावरच माणसं असा वाद घालतात.

कारण ते पैसे दुकानाचे नसतातच. तंबू आणि शेगडी दुकान देतं, पाव-कांदा-सॉसेज आपण आणायचं, आणि जमलेली रक्कम सगळी आपली. आपली म्हणजे शाळेची, क्रिकेट क्लबची, स्काउटची, आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची, ज्या संस्थेने तो दिवस मागून घेतला असेल तिची. भाव सगळीकडे एकच. वर्षानुवर्षं अडीच डॉलर होता, २०२२ पासून साडेतीन. २०२० च्या जानेवारीत इथे भयंकर वणवे लागले होते तेव्हा सगळ्या देशातल्या दुकानांनी एकाच दिवशी हे तंबू लावून मदत गोळा केली होती. पुढे कोरोनात तंबू उठले, तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं म्हणे.

आमच्या शाळेला २८ जूनचा शनिवार मिळाला. आदल्या रात्री स्वयंपाकघरात मी, गिरीश आणि चिनूच्या मैत्रिणीची आई, तिघांनी मिळून वीस किलो कांदा चिरला. खिडक्या उघडाव्यात तर बाहेर सहा अंश. पहाटे हाताचा वास जात नव्हता. दिवसअखेर खर्च वजा जाता सोळाशे डॉलर उरले. शाळेच्या पटांगणावर सावलीचं कापड लावायचंय, त्याला जातील. बाबा, तुम्ही म्हणालात, ‘एवढं शिकून लोकांच्या दारात कांदे परतायचे?’ माझ्या शेजारी चिमटा घेऊन उभे होते ते शाळेचे मुख्याध्यापक. आणि मराठवाड्यातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या दुकानावरून जायच्या तेव्हा तुम्ही गल्ला बंद करून किटली घेऊन रस्त्यावर उभे राहायचात. मी तेच शिकलेय, दुसरं काही नाही.

तुम्ही विचारलं होतंत, हे दुकान आहे कुणाचं. तुम्हाला आवडेल म्हणून सगळं सांगते. १८८६ मध्ये आर्थर आणि रॉबर्ट बनिंग हे दोघे भाऊ लंडनहून पर्थला आले आणि बांधकामाच्या धंद्यात पडले. मग लाकूड कापायच्या गिरण्या घातल्या. खूप वर्षं तो लाकडाचाच धंदा होता. १९९४ मध्ये वेसफार्मर्सने पूर्ण कंपनी घेतली. हे वेसफार्मर्स म्हणजे १९१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी काढलेली सहकारी संस्था! आपल्या भागात हे कुणाला सांगितलं तर साखर कारखान्याच्या गप्पा सुरू होतील. १९९४ मध्येच गोदामासारखं पहिलं मोठं बनिंग्ज इथे मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाइनमध्ये उघडलं. आमच्या घरापासून ते लांब नाही. तिथला शब्द असा की तोच माल दुसरीकडे स्वस्त दिसला तर ते त्याहून दहा टक्के कमी लावतात.

पण हेच लोक २०१६ मध्ये इंग्लंडला गेले, तिथली होमबेस नावाची दुकानं ३४ कोटी पौंडांना घेतली आणि २०१८ मध्ये एका पौंडाला विकून परत आले. तिथलं गिऱ्हाईक स्वयंपाकघराचं सामान, पडदे, उशा घ्यायला यायचं, आणि यांनी तेच काढून ऑस्ट्रेलियासारखा माल भरला. हे वाचलं तेव्हा तुमचं वाक्य आठवलं, गिऱ्हाईक काय मागतं ते बघायच्या आधी त्याच्या पायातल्या चपला बघ. शेतावरून आलाय की साइटवरून.

मी तिथे जाते ती खरं सांगू, कधीकधी काही घ्यायचं नसतानाही जाते. लाकडाच्या रांगेत कापलेल्या पाइनचा वास येतो, पुढे रंग, मग सिमेंटच्या पोत्यांजवळचा तो कोरडा वास. डोळे मिटले की पेठ. खिळे मात्र किलोवर नाहीत, डब्यांत. इंच आणि सूत कुणाला माहीत नाही, सगळं मिलिमीटरमध्ये. मला पाढ्यांआधी सूत येत होतं, चार सुती सळई म्हटलं की बारा एमएम हे अजून आपोआप मनात होतं.

एकदा ओळंबा शोधत होते. परसातल्या कुंपणाचा खांब कलल्यासारखा वाटत होता. सगळीकडे लेझरची यंत्रं. हिरवा एप्रन घातलेले एक आजोबा आले, सत्तरीचे तरी असतील. मी हाताने दोरी आणि लोंबता गोळा दाखवला. ते हसले नाहीत. थेट खालच्या कप्प्यातून काढून दिला, पण पाकीट लगेच हातात दिलं नाही. दोरी सोडली, गोळा पूर्ण थांबेपर्यंत दोन बोटांनी खालून हलकेच आधार दिला, मग बोटं काढली. तुम्ही असंच करायचात. म्हणाले, चाळीस वर्षं सुतारकाम केलं, गुडघे गेल्यावर इथे लागलो. मी त्यांना सांगितलं, माझ्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ‘आहे’ म्हटलं.

हो, आणि गिरीश स्वतः भिंतीला भोकं पाडतो, रंग लावतो, याची आईला धास्ती आहे. इथे मजुरी इतकी आहे की सगळेच घरचं काम घरी करतात, म्हणून तर एवढी दुकानं चालतात. पण विजेच्या कामाला परवानाधारक माणूसच लागतो, तसा कायदाच आहे. गिरीश बोर्डाला हात लावत नाही. शिडी मी धरते.

आता कामाचं. बाबांच्या मोतीबिंदूसाठी साठ हजार पाठवलेत, गुरुवारपर्यंत खात्यात दिसतील. हप्ता वाढला हे मी बोलून गेले ते विसरा, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात व्याजदर उतरलेत, आम्हाला सोसतंय. ऑपरेशन दिवाळीनंतर नको. आत्ता करा. त्या वेळी मी तिथे नसेन हे मला माहीत आहे, ते परत परत लिहीत नाही.

सचिनच्या साखरपुड्यालाही मी नसणार. वहिनी होणाऱ्या मुलीशी फोनवर बोलले, आवाज मोकळा आहे, मला आवडली. तिला सांगा, नणंद वाईट नाही, लांब आहे. लग्नाची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची धरलीत तर मी अकरा दिवस येते. गिरीश आणि चिनूला चारच दिवस मिळतील. माझ्या वाटणीची पैठणी आई तूच निवड, हिरवी नको, आहे. मंगल कार्यालयाचा अॅडव्हान्स मी भरणार, सचिनशी बोलून झालंय, त्यावर चर्चा नको.

आणि दुकान. सचिनकडून कळलं की मोबाइलवाल्याने गाळ्याची किंमत विचारलीय. तुम्ही मला सांगितलं नाहीत, बहुधा मी ‘नको’ म्हणेन म्हणून. मी म्हणणार नाही, बाबा. शटर उचलायला मी येत नाही, सचिन पुण्याहून येत नाही, मग तुम्ही बहात्तराव्या वर्षी उचला असं कोणत्या तोंडाने सांगू? विकायचं असेल तर विका. उधारीच्या वह्या बघून ज्यांचे पैसे येणारच नाहीत त्यांना तुम्ही सोडून द्याल, तेही मला माहीत आहे. द्या सोडून. मालाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

फक्त गल्ल्याच्या वर खुंटीला लटकणारा पितळी ओळंबा कुणाला देऊ नका. दोरी कुजली असेल तर बदलू नका, तशीच असू द्या. लग्नाला आले की घेऊन जाईन.

तुमची,
मंजू