आजीजवळ बसलेल्या सिस्टरांना

आजी ९१ वर्षांची होऊन गेली. घरातल्या चार पिढ्यांना तिचा आधार होता. घराबाहेर तिचं एकच काम: रुग्णालयात एकट्या पडलेल्यांजवळ जाऊन बसायचं. कितीतरी वर्षं, कसलाही मोबदला न घेता. ‘कोणी जवळ असलं की भीती कमी वाटते,’ एवढंच म्हणायची.

आणि तिच्याच शेवटच्या रात्री आम्ही जवळ नव्हतो. प्रकृती स्थिर आहे म्हणून घरी आलो होतो. पहाटे फोन आला, धावत निघालो, तर वाटेत गाडी बंद पडली.

रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचं नाव विचारायचंही राहिलं. तुम्ही फोन स्पीकरवर लावून आजीच्या कानाशी धरलात. ‘बोलत राहा, त्यांना ऐकू येत असेल,’ म्हणालात. आई बोलली, मी बोललो. आमचे शब्द संपले तेव्हा तुम्ही तिच्या उशाशी असलेली प्रार्थनेची वही उघडलीत आणि खुणेपासून वाचू लागलात. तिचं अक्षर थरथरतं. तुम्ही अडखळलात, मागे जाऊन ती ओळ पुन्हा नीट वाचलीत. ते अडखळणं अजून माझ्या कानात आहे. मधूनमधून ओल्या कापसाने तिचे ओठ टिपत होतात, हे शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी नंतर सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा ती गेली होती. तिचा हात तुमच्या हातात होता, चष्मा पुसून वहीवर ठेवलेला.

सिस्टर, तुमचे मनापासून आभार. त्या मावशींचेही. वही आता आईकडे असते. खूण तुम्ही ठेवलीत त्याच पानावर आहे.