पाणी किती फूट चढलं ते कळतं. किती दिवस थांबलं ते कोण मोजणार?

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलै उजाडला की कोल्हापूरकराच्या तोंडी दोन आकडे असतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. पातळी फूट-इंचात मोबाईलवर येत राहते. पाणी गायकवाड पुतळ्यापाशी आलं की जामदार क्लबपर्यंत गेलं, यावर शहरातला माणूस अंदाज बांधतो. आंबेवाडी-चिखलीकडच्या माणसाला ‘रेडेडोह फुटला’, म्हणजे नदी काठ सोडून रानात शिरली, एवढं ऐकलं की पुरतं, तो जनावरं सोनतळीला हलवायच्या तयारीला लागतो. ही पातळी सांगणारी माणसं रात्रंदिवस काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पूर ओसरला की ही मोजणी थांबते. कुठल्या गावाच्या शिवारातून पाणी उतरायला किती दिवस लागले, याची गाववार नोंद शासनाने प्रसिद्ध केलेली मी तरी पाहिलेली नाही.

आणि शेतकऱ्याचं नुकसान ठरतं ते या दिवसांवर. नदीकाठच्या मळीच्या रानाला पूर नवा नाही. पाणी यायचं, गाळ टाकायचं, दोन-तीन दिवसांत निघून जायचं. त्या गाळावरच ही जमीन पोसली. उंच वाढलेला ऊस तेवढं सोसतो. शेंडा पाण्याखाली राहिला आणि पाणी हललंच नाही, तर पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गाभ्यात, गाळ बसतो, पोंगा कुजतो, मग कांड्यांना पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात आणि लांबून हिरवागार दिसणारा फड वजनाला फुसका भरतो. पावसाळ्यात नुकती लावलेली आडसाली उसाची लागण तर जातेच. सोयाबीन आणि भुईमुगाचं काय होतं ते सांगायला नको. वैरण सडते, विहिरी गाळाने भरतात, पंपाच्या मोटारी जळतात. म्हणजे दोन शिवारांत पाणी सारखंच चढलं, पण एकातून ते तीन दिवसांत उतरलं आणि दुसऱ्यात दहा दिवस राहिलं, तर ते दोन वेगळे पूर होत. आपल्या कागदावर मात्र तो एकच आकडा.

गंमत अशी की दिवस मोजणं सरकारला येत नाही असंही नाही. घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असेल तर कपडेलत्ते आणि भांड्यांसाठी मदत मिळते, असा निकष आहेच. तलाठी पंचनाम्यात तेवढं लिहितो. तेच दिवस पुराचं कारण शोधताना कुणी विचारत नाही.

पाणी का थांबतं, हे शिरोलीला महामार्गावर उभं राहून कुणालाही दिसेल. पुरात पंचगंगा नुसती पात्रातून वाहत नाही. दोन्ही बाजूंच्या रानांत ती पसरते आणि तिथूनही पुढे सरकत असते, संथ, पण सरकत असते. आपल्या पुणे-बंगळूर महामार्गाने पात्रावर पूल दिला आणि बाकी सगळ्या रुंदीवर मातीमुरुमाचा भराव टाकला. त्यात ज्या थोड्या मोऱ्या आहेत, त्या रोजच्या ओढ्याच्या मापाच्या. रानातून येणाऱ्या पाण्याला मग वळून पुलाकडे जावं लागतं आणि तिथे नदीचंच पाणी तुंबलेलं असतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोका पातळीच्या दहा फुटांहून अधिक वर गेलं, महामार्ग बंद पडला, ट्रकांच्या रांगा लागल्या. शहरात तर घरात पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. त्या दिवसांत देशभरातल्या वाहिन्यांनी ‘महामार्ग पाण्याखाली’ असं दाखवलं. महामार्गाने पाणी अडवलं, हे दाखवायला कुणी आलं नाही.

आता यावर नेहमीचं उत्तर अलमट्टी: खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या या धरणाच्या फुगवट्याने आपल्याकडे पाणी तुंबतं, असं सांगतात. कर्नाटकाला त्या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे आणि आपल्या सरकारने त्याला विरोध केला आहे. विरोध करावाच. कृष्णाकाठच्या शिरोळच्या शेतकऱ्याची भीती मी खोटी म्हणणार नाही, तिथला प्रश्न वेगळा आहे, तिथे कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही एकदम चढतात. पण कोल्हापूर शहर आणि करवीरच्या पुराचं बिल अलमट्टीच्या नावावर फाडताना एकदा आकडे शेजारी शेजारी ठेवा. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५४३ मीटर आहे. अलमट्टी उद्या वाढीव उंचीला भरलं तरी त्याचा जलाशय त्याच्या जवळपास १९ मीटर खाली असेल. आणि २०१९ च्या पुरानंतर आपल्याच शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीनेही या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नव्हता. तो निष्कर्ष कुणालाच सोयीचा नव्हता, त्यामुळे सभांमधून अलमट्टीच गाजत राहिलं. शेजारच्या राज्यावर बोट दाखवायला खर्च येत नाही. शिरोलीचा भराव फोडून खांबांवर पूल घ्यायचा तर येतो.

दुसरं उत्तर धरणाच्या दरवाजांचं. राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, आणि दरवाजा उघडला की गावोगाव त्याचीच चर्चा. जुलैत धरणात किती जागा मोकळी ठेवायची याचं नियोजन सुधारायला हवं, हे खरंच. पण धरणांच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजाला विचारून येत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारीच्या खोऱ्यात एकाच वेळी कोसळला की तो सगळा प्रयाग चिखलीला एकत्र येतो.

आणि तो आता कोसळतोच आहे. पावसाळ्याचे दिवस तेवढेच, पण पाऊस मोजक्या दिवसांत उरकतो, हे आमच्याकडे म्हातारीकोतारीही सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांशी त्यांचा संबंध आहे. तो समुद्र सह्याद्री ओलांडला की आमच्या उशाशी.

इथे आपल्या खात्याच्या पूररेषांचा प्रश्न येतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे हिशेब जुन्या नोंदींवरून होतात. पाऊस जुना राहिला नसेल तर रेषा जुनी कशी चालेल? २००५, २०१९, २०२१: सोळा वर्षांत तीन महापूर आम्ही पाहिले. त्यातही निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या वर घेतलं की बांधकाम चालतं. जोतं वर घ्यायचं म्हणजे काय करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. डोंगर फोडून आणलेला मुरूम पडतो. त्या घरात पाणी शिरत नाही, शेजारच्या गल्लीत जास्त शिरतं. मंगल कार्यालयं, शोरूम, पेट्रोल पंप सगळे असेच उंचावर बसलेत. यात आमच्यातलेही आहेत, शासनाच्या नावाने बोंब मारणारे आणि रात्रीत डंपर रिकामे करणारे. त्यांची बाजू मी घेणार नाही.

पण एखाद्याने दहा गुंठ्यांत टाकलेला मुरूम आणि शासनाने किलोमीटरभर टाकलेला भराव यांना एकाच मापात घालू नका. सध्या सातारा-कागल सहापदरीकरण सुरू आहे. रत्नागिरीकडचा रस्ता चौपदरी होतो आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग २०२५ च्या आखणीत ८०२ किलोमीटरचा होता. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्यासाठी २० हजार ७८७ कोटींची तरतूद मान्य केली. त्याच्या आखणीबद्दल दर महिन्याला नवं ऐकतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. या जिल्ह्यातले शेतकरी त्याला विरोध करतात तेव्हा ‘विकासाचे विरोधक’ म्हणून त्यांची बोळवण होते, जमिनीचा दर वाढवून मागतात असंही म्हटलं जातं. दराचा प्रश्न आहेच, कुणी नाकारत नाही. पण त्याच सभांमध्ये पुराचंही बोललं जातं: नदीला आडवा आणखी एक भराव आला तर आमचं गाव कुठल्या बाजूला, पाणी अडणाऱ्या की पाणी सुटणाऱ्या? हा प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याचं उत्तर आपल्या खात्याकडे असायला हवं.

रस्ते आपल्या खात्याचे नाहीत, हे मला कळतं. पण नदी आपली आहे. जुना शिवाजी पूल बांधणाऱ्यांनी दगडी कमानी केल्या, तेव्हा त्यांच्याकडे संगणक नव्हता. आज पुराच्या पाण्याची वाट संगणकावर उभी करून पाहता येते. शिरोलीच्या भरावात किती मीटर लांबीचा मोकळा मार्ग ठेवला तर करवीरमधलं पाणी किती दिवस आधी उतरेल, हे काढणं आपल्या अभियंत्यांना अवघड नाही.

तेव्हा मागणं असं. येत्या पावसाळ्यापासून पंचगंगेच्या काठच्या प्रत्येक गावात पाणी शिवारात कधी आलं आणि कधी गेलं, याची तारखेसह नोंद ठेवा आणि ती सगळ्यांना पाहू द्या. पूररेषेच्या आतला कुठलाही रस्ता भरावावर न्यायचा असेल तर तो भराव पाणी किती दिवस थांबवेल, हे लिहून दिल्याशिवाय आपल्या खात्याने अनुकूल अभिप्राय देऊ नये. २०१९ आणि २०२१ चं पाणी धरून पूररेषा पुन्हा तपासा. आणि पुराचं पाणी बोगद्यांतून दुष्काळी भागाला नेण्याची मोठी योजना जागतिक बँकेच्या मदतीने करायची आहे, ती जरूर करा, दुष्काळी भावांना पाणी मिळालं तर आम्हाला आनंदच. पण चार दिवसांत येणारा लोंढा त्या बोगद्यात मावेल अशी आशा आम्हाला लावू नका.

सहापदरीकरणाची यंत्रं शिरोलीच्या परिसरात आहेत. रस्ता बुडतो म्हणून भराव आणखी उंच करण्याचा मोह होईल, तो होऊ देऊ नका. खांब घालायचे तर ते काम चालू असतानाच घालता येतील, नंतर त्याला दुसरं टेंडर आणि दुसरी दहा वर्षं लागतील. आपले अभियंते पाहणीला आले, तर कुठल्या मोरीतून पाणी जातं आणि कुठली गाळाने बुजली आहे, ते दाखवायला आम्ही बांधावर हजर असू. येताना पावसाळ्यातच या म्हणावं, मार्चमध्ये नको.

आपला,
एक नदीकाठचा ऊस उत्पादक
ता. करवीर, जि. कोल्हापूर